काट्याचा नायटा

काट्याचा नायटा होतो, असे आपले वाडवडील म्हणत आले. शेतात अनवाणी फिरताना काटा मोडतो, विळा लागतो. आपण हळद लावून कामाला लागतो. बहुधा काही बिघडत नाही. परंतु कधी त्या लहानशा वाटेने जंतू त्वचेखाली शिरतात आणि प्रसंग जिवावर बेततो.

इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे १९४१ साली आल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलीस शिपायावर असाच प्रसंग ओढवला. चेहऱ्यावरील जखम चिघळून डोक्यापर्यंत गळवे पसरली; एक डोळा काढावा लागला. १२ फेब्रुवारी रोजी डॉक्टरांनी त्याच्या शिरेतून पेनिसिलिन दिले. एका दिवसातच ज्वर उतरू लागला, अन्न जाऊ लागले. पण औषध फारच थोडे होते. रुग्णाच्या मूत्रातून ते पुन्हा गाळून काढून त्यालाच देण्यात आले, तरी पाच दिवसांत साठा संपला. दबलेले जंतू पुन्हा उसळले आणि १५ मार्च रोजी त्याचा अंत झाला. औषध खोटे नव्हते. ते अपुरे पडले.

आज औषध मुबलक आहे. तरीही दोन दिवसांत बरे वाटताच ते सोडून देणारे आपल्यात थोडे नाहीत! त्या शिपायाच्या वाट्यास जे नाइलाजाने आले, ते आपण हौसेने का ओढवून घ्यावे?

प्रत्येक गळवाला शिरेतून औषध लागते, असेही नाही. साध्या दुखण्यास गोळ्या पुरतात. साचलेला पू मात्र डॉक्टरांकडून काढूनच घ्यावा लागतो. परंतु लाली झपाट्याने पसरली, थंडी वाजून ताप भरला, जखमेच्या मानाने वेदना असह्य झाल्या, त्वचा काळी पडली किंवा फोड आले, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. शिरेतून दिलेले औषध थेट रक्तात मिसळून पुरेशा प्रमाणात त्वरित पोहोचते. उतार पडल्यावर डॉक्टर गोळ्यांवर आणतात. मधुमेह्यांनी तर पायाची क्षुल्लक जखमही उपेक्षू नये. पूर्वी पेनिसिलिनने अंगावर पित्त उठले किंवा धाप लागली असल्यास ते आधीच सांगावे.

औषध किती दिवस घ्यावयाचे, हे डॉक्टरांनी ठरवावे. आपल्या मनाने ते थांबवू नये, उरलेल्या गोळ्या शेजाऱ्यास देऊ नयेत. काटा लहान असतो तोवरच त्याची काळजी घेणे शहाणपणाचे.