राजापूरचा तह आणि आजचा निर्यातदार

राजापूर तालुक्यातील नाटे हे गाव आज मासेमारी आणि हापूसच्या बागांसाठी परिचित आहे. तेथील यशवंतगड मात्र आणखी एका गोष्टीची साक्ष देतो. जैतापूरच्या खाडीतून राजापूरच्या पेठेकडे जाणाऱ्या गलबतांवर नजर ठेवण्याची ही मोक्याची जागा होती. सतराव्या शतकात राजापुरात इंग्रजांची वखार होती आणि तिच्यावरून उद्भवलेला तंटा ज्या कराराने मिटला, तो करार आंतरराष्ट्रीय व्यापार कायद्याच्या विद्यार्थ्याने आवर्जून अभ्यासावा असा आहे.

पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफांची मदत केली. त्याचा जाब म्हणून १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूरची वखार लुटली व तेथील इंग्रजांना कैद केले. पुढे अनेक वर्षे इंग्रज नुकसानभरपाई मागत राहिले. अखेर १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या सुमारास हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला आणि २० कलमांचा तह झाला.

भरपाईची रक्कम ठरली १०,००० होन. ती रोख देण्याऐवजी अशी योजना झाली की, इंग्रजांनी तीन वर्षे दरवर्षी ५,००० होनांचा माल खरेदी करावा आणि निम्मीच किंमत चुकती करावी. अशा रीतीने ७,५०० होन वळते होणार होते. उरलेले २,५०० होन राजापूरच्या वखारीच्या जकातीतून सूट म्हणून मिळणार होते. म्हणजे खजिन्यातून रोकड बाहेर गेली नाही, गिऱ्हाईक तीन वर्षांसाठी बांधले गेले आणि बंद पडलेला व्यापारही सुरू होण्याची सोय झाली. आयात मालावर अडीच टक्के जकात ठरली. इंग्रजांच्या नाण्यांविषयीच्या कलमावर महाराजांचा आक्षेप असा होता की, अंगभूत मोलापेक्षा अधिक भावाने नाणे घेण्याची सक्ती रयतेवर करता येत नाही. फुटलेल्या जहाजांवरील मालाबाबतही त्यांनी कोकणच्या जुन्या रिवाजाचा दाखला दिला. शेवटी मात्र सर्व कलमे मान्य झाली. जकात, चलन, भरपाई, जहाजाचे नुकसान हे विषय आजच्या अभ्यासक्रमातही तसेच आहेत.

कायद्याच्या अज्ञानाची किंमत आजही मोजावी लागते. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्याची आयात थांबवली. त्याचे कारण फळाची गोडी नव्हे, तर काही मालात आढळलेली फळमाशी हे होते. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ पासून अमलात असलेल्या वनस्पती-आरोग्यविषयक करारानुसार प्रत्येक देशाला शास्त्रीय आधारावर असे निर्बंध घालता येतात. भारताने तपासणी व प्रक्रियेची व्यवस्था सुधारल्यावर २०१५ च्या आरंभी ही बंदी उठली. पण मधला हंगाम हातचा गेला. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी परदेशात नावाचे रक्षण करायचे तर तेथील कायदा समजून घ्यावाच लागतो.

व्यापारी घराण्यांत मुलांना हिशेब, मालाची पारख आणि शब्दाची किंमत लहानपणापासून शिकवली जाते. समुद्रापलीकडच्या गिऱ्हाइकाशी व्यवहार करताना शब्दाला कागदाची जोड हवी. साखपत्राच्या व्यवहारात बँक माल पाहत नाही, केवळ कागद पाहते. मालाच्या वर्णनात एका शब्दाची तफावत पडली तरी पैसे अडकतात. जहाजावर माल चढल्यावर जोखीम कोणाची, विमा कोणी उतरवायचा, हे ‘इन्कोटर्म्स’च्या तीन अक्षरांवर ठरते. आंतरराष्ट्रीय मालविक्रीच्या १९८० च्या व्हिएन्ना करारात भारत सामील नाही. म्हणून सौद्याला कोणत्या देशाचा कायदा लागू होईल, हे करारातच स्पष्ट लिहिणे हिताचे. तंटा झाल्यास लवादाचे कलम कामी येते, कारण १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे परदेशातील लवादाचा निवाडा भारतासह अनेक देशांत अमलात आणता येतो.

वाणिज्य शाखेची पदवी घेतलेल्या मुला-मुलींनी सनदी लेखापालाच्या परीक्षेइतकाच या विषयाचाही विचार करावा. विधी महाविद्यालयातील पदव्युत्तर शिक्षण हा एक मार्ग आहे; केंद्र सरकारने १९६३ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय विदेश व्यापार संस्थेतील शिक्षण हा दुसरा. ज्यांना पेढी सोडता येत नाही, त्यांनी निदान आपल्याच पेढीचा एक जुना निर्यात-करार काढून त्यातील प्रत्येक कलम घरच्या तरुणांसमवेत वाचावे. कोणते कलम कोणाच्या बाजूचे आहे, हे उमगू लागले की अभ्यासाला खरी सुरुवात झाली असे समजावे.