कपॅसिटरचे वय कसे मोजतात?



आपल्या बे एरियाच्या पूर्वेला लिव्हरमोर गावात लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. तिथल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत ५ डिसेंबर २०२२ रोजी १९२ लेसर किरणांनी २.०५ मेगाज्यूल ऊर्जा एका छोट्याशा लक्ष्यावर सोडली आणि फ्यूजनमधून ३.१५ मेगाज्यूल बाहेर आली. ही बातमी आपण सर्वांनी वाचली. पण त्या लेसरला वीज पुरवणाऱ्या हजारो कपॅसिटरांबद्दल फारसे कोणी बोलत नाही. म्हणून हा लेख.

कपॅसिटर म्हणजे शाळेच्या पुस्तकातले धारित्र. बॅटरी वीज हळूहळू देते, कपॅसिटर एका दमात देतो. लिव्हरमोरचे कपॅसिटर मिनिटभरात सुमारे २४,००० व्होल्टपर्यंत भरतात आणि सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात रिकामे होतात. त्यांच्या एका कपाटात सुमारे १.७ मेगाज्यूल ऊर्जा मावते, म्हणजे जवळजवळ ४०० ग्रॅम टीएनटीइतकी! त्यातला एक जरी आतून शॉर्ट झाला, तरी शेजारच्या सगळ्यांची ऊर्जा त्याच्यात घुसू पाहते. म्हणून तो किती दिवस टिकेल, हे आधी कळणे जरुरीचे असते.

हे कपॅसिटर म्हातारे कसे होतात? आत पॉलिप्रॉपिलीनची पातळ फिल्म गुंडाळलेली असते आणि तिच्यावर धातूचा अतिशय पातळ थर असतो. फिल्ममध्ये कुठे कच्ची जागा असली, की तिथे ठिणगी पडते. त्या उष्णतेने भोवतालचा धातू उडून जातो आणि दोष आपोआप वेगळा पडतो. म्हणजे जखम स्वतःच भरून निघते! मात्र दर वेळी साठवणक्षमता किंचित कमी होते. ती साधारण ५ टक्क्यांनी घटली, की अशा कपॅसिटरचे आयुष्य संपले असे बहुधा धरतात.

आता प्रश्न चाचणीचा. लिव्हरमोरसाठी मागणी होती सुमारे २०,००० शॉट्सची. मिनिटाला एक शॉट मारला तर हे दोन आठवड्यांत उरकेल. पण वर्षानुवर्षे नुसते उभे राहूनही वय वाढतेच, त्याचे काय? यावर उपाय म्हणजे मुद्दाम जास्त ताण देऊन म्हातारपण लवकर आणणे. अशा फिल्मचे आयुष्य व्होल्टेजच्या साधारण सातव्या-आठव्या घाताने घटते. म्हणजे व्होल्टेज १० टक्के वाढवले, की आयुष्य जवळजवळ निम्मे! टीव्ही, संगणकातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांना उष्णता बाधते. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंश सेल्सिअसने कमी झाले तर आयुष्य दुप्पट. १०५ अंशांना २,००० तास टिकणारा नग ६५ अंशांना सुमारे ३२,००० तास चालतो.

पण ताण फार वाढवला, तर प्रत्यक्षात कधीच न होणारा बिघाड होतो आणि अंदाज चुकतो. शिवाय दहा नग पास झाले म्हणून हजारांची खात्री देता येत नाही. सरासरी आयुष्यापेक्षा पहिला नग कधी जाईल, हे महत्त्वाचे! म्हणून अनेक नग मरेपर्यंत चालवून त्यांच्या मृत्यूच्या वेळांवरून गणित मांडतात.

हे सारे आपल्या घरापर्यंतही पोचते. हृदयरुग्णांच्या छातीत बसवतात त्या आयसीडी डिफिब्रिलेटरमध्ये कपॅसिटरच असतो. त्यातला अॅल्युमिनियमचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बराच काळ वापराविना राहिला, तर त्याचा ऑक्साइडचा थर बिघडतो आणि झटक्यासाठी भरायला वेळ लागतो. म्हणून ते यंत्र ठरावीक काळाने, रुग्णाला झटका न देता, त्याला स्वतःच पूर्ण भरते. भरायला किती सेकंद लागले, हे डॉक्टर तपासणीत पाहतात. तेव्हा आयसीडी असलेले आई-बाबा भारतातून चार-सहा महिन्यांसाठी इकडे आले असतील, तर मधली तपासणी चुकवू नका. येण्यापूर्वीच त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठेवा.

आणि एक विनंती. जुना मायक्रोवेव्ह किंवा कॅमेऱ्याचा फ्लॅश घरी उघडू नका, मुलांनाही उघडू देऊ नका. प्लग काढला तरी आतला कपॅसिटर भरलेला असू शकतो. म्हातारा झाला तरी त्याचा झटका तरुणच असतो!