युनियनच्या ऑफिसातून लोकसभेत

आपल्या धामणगावच्या नावातच रेल्वे आहे. इथला व्यापार बिल्टीवर वाढला. कापसाच्या गाठी मुंबईकडे जायच्या आणि तिथल्या गिरण्यांचे लठ्ठा, पॉपलीन, धोतरजोडे इकडे यायचे. म्हणून "कामगार पुढारी म्हणजे मुंबईची भानगड, आपल्याला काय त्याचे" असे म्हणणाऱ्या व्यापारी बंधूंचे मला पटत नाही. दोन पुढाऱ्यांच्या दोन संपांचा हिशेब आपल्याही गल्ल्यात झालेला आहे.

पहिले जॉर्ज फर्नांडिस. मंगळूरचे हे गृहस्थ १९४९ साली मुंबईत आले. टॅक्सीवाले आणि महापालिकेचे कामगार यांच्या युनियन त्यांनी बांधल्या. १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत त्यांनी स. का. पाटील यांना पाडले. पाटील म्हणजे मुंबई काँग्रेसचे सर्वेसर्वा, आणि रेल्वेमंत्री! पुढे ८ मे १९७४ रोजी याच फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली रेल्वेचा देशव्यापी संप झाला. सुमारे सतरा लाख कामगार त्यात होते. ऐन लग्नसराईत वीस दिवस गाड्यांचे हाल. वडील त्या संपाचे नाव निघाले की आधी अडकलेल्या मालाचे सांगत, मग राजकारणाचे.

संप मोडला. हजारो लोक तुरुंगात गेले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. पण १९७७ मध्ये जनता पक्षाचे सरकार आले, मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि काढलेल्या कामगारांना परत घेण्यात आले. संपाने जे मिळाले नाही ते सत्तेने मिळाले. पुढाऱ्याने राजकारणात जाऊ नये म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. खुद्द फर्नांडिस १९८९ मध्ये रेल्वेमंत्री झाले आणि कोकण रेल्वेला त्यांनीच गती दिली. मात्र १९७७ पासून त्यांचा मतदारसंघ बिहारचा मुझफ्फरपूर, मुक्काम दिल्लीचा. मुंबईचा टॅक्सीवाला मागेच राहिला.

दुसरे डॉ. दत्ता सामंत. घाटकोपरचे डॉक्टर, खाणीतल्या मजुरांचे दुखणे बघता बघता त्यांचे पुढारी झाले. १९७२ मध्ये ते काँग्रेसचे आमदार होते. १८ जानेवारी १९८२ ला त्यांच्या शब्दावर मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. पगार, बोनस हे मुद्दे होतेच, पण गाठ कायद्याची होती. १९४६ च्या कायद्याने एका उद्योगात एकच प्रातिनिधिक युनियन, आणि ती म्हणजे काँग्रेसच्या वळणाचा राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार सामंतांच्या मागे, सहीचा अधिकार दुसऱ्याकडे. तडजोड होणार कशी?

हा संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. १९८४ च्या प्रचंड काँग्रेस लाटेत सामंत अपक्ष उभे राहून लोकसभेत गेले. कामगाराने पोटाला चिमटा घेऊन मत दिले. पण चारशेवर काँग्रेस खासदारांच्या सभागृहात एकटा माणूस काय करणार? गिरण्यांची धुराडी एकेक करून कायमची थंड झाली. १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत सामंतांचा खून झाला. संपाला पंधरा वर्षे पुरी व्हायला दोन दिवस बाकी होते.

तिसरे नाव आपल्या बाजूचे, नागपूरचे कॉ. अर्धेंदुभूषण बर्धन. १९५७ मध्ये ते नागपुरातून अपक्ष आमदार झाले. लोकसभेला दोनदा पडले, १९६७ आणि १९८० ला. गिरणी कामगार, वीज कामगार यांच्यातले काम मात्र सुटले नाही. १९९६ मध्ये ते भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस झाले. माझ्या मते तिघांत युनियन सर्वांत नीट सांभाळली ती या निवडणूक हरणाऱ्याने.

आता आपल्या धंद्याचे. मुंबईचा माल तुटला तेव्हा ती जागा भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या पॉवरलूमने घेतली. काही गिरण्यांनी तर संपाच्या दिवसांत आपले कापड पॉवरलूमवरच विणून घेतले. भिवंडी-मालेगावच्या मागांवर आपले मोमीन बांधव मोठ्या संख्येने. मालक तेच, मजूरही तेच. परळच्या कामगाराची रोजी गेली आणि आपल्यातल्या अनेकांचा धंदा उभा राहिला, हे बोलायला कडू आहे पण खरे आहे. आमच्या दुकानातले थानही हळूहळू गिरणीचे राहिले नाही.

गिरणी कामगाराला निदान हजेरीपट होता, फंड होता, भांडायला युनियन होती. मालेगावला मी खरेदीला जातो. मागावरचा मजूर बारा बारा तास उभा असतो, मजुरी विणलेल्या कापडावर. फंडाचे विचारले तर हसतो. निवडणुकीत त्याच्याकडे मोहल्ल्याच्या नावाने, बिरादरीच्या नावाने मते मागायला सगळे येतात. मागावर काम करणारा म्हणून त्याचे मत मागायला आलेला उमेदवार मी तरी फारसा पाहिलेला नाही.