न पिकलेल्या नफ्याची वाटणी
अमेरिकेतील ‘प्रायव्हेट इक्विटी’ निधींमध्ये एक संकेत रूढ आहे. गुंतवणूकदारांना मुद्दल आणि बहुधा सालिना ८ टक्के परतावा मिळाला, की नफ्याचा २० टक्के हिस्सा निधी चालविणाऱ्यांकडे जातो. या हिश्शाला ‘कॅरी’ म्हणतात. नव्या निधीत त्याची कर्मचाऱ्यांमधील वाटणी नफ्याचा एक डॉलरही दिसण्यापूर्वी ठरते.

कॅरीचे शंभर भाग कल्पिले, तर मोठा वाटा संस्थापक स्वतःकडे ठेवतात. ते अगदीच गैर नव्हे. पदरचे पैसे त्यांनीही घातलेले असतात. रात्री जागून हिशेब मांडणाऱ्या तरुणास एखादा भाग मिळतो, कित्येकदा तोही नाही. १० कोटी डॉलरच्या निधीने तेवढाच नफा मिळविला, तर कॅरी २ कोटी आणि एक भाग २ लाख डॉलरचा. आकडा मोहक खरा! परंतु निधीची मुदत सामान्यतः १० वर्षांची, आणि भागावरील हक्क वर्षागणिक थोडाथोडा पक्का होणारा. मध्येच नोकरी सुटली, की उरलेला हक्क बुडाला.

पगार बेताचा ठेवून हा भाग देऊ केला जातो, तेव्हा त्यास बक्षिसी कसे म्हणावे? ते थकविलेले वेतनच होय. आपल्याकडे १९६५ च्या बोनस कायद्याने निदान ८.३३ टक्क्यांची किमान मर्यादा घातली होती. तेथे सारी भिस्त करारावर. आणि करारनामा लिहितो संस्थापकांचा वकील.