मीटर कोणाच्या हाती?

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा विषय निघाला की मंडळींत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, मोबाइलवरून गाडी बोलावण्याच्या नव्या सोयीने गरीब टॅक्सीवाल्याच्या पोटावर पाय दिला. दुसरा म्हणतो, भाडे नाकारणाऱ्याला चांगली अद्दल घडली. दोन्ही बोलण्यांत सत्याचा अंश आहे. तथापि या धंद्याची घडी मुळात कशी होती व ती नेमकी कोठे विसकटली, हे पाहिल्यावाचून कोणाचा कैवार घ्यावा हे ठरविता येणार नाही, असे आम्हांस वाटते.

जुना टॅक्सीचा धंदा हा एक प्रकारचा करार होता. सरकारने परवाना द्यावा, परवान्यांच्या संख्येला आळा घालावा आणि भाड्याचा दर ठरवावा. टॅक्सीवाल्याने रस्त्यात हात करील त्या उतारूला त्याच दराने न्यावे. भाडे नाकारणे हा मोटारवाहन कायद्याने गुन्हा आहे. मीटर हे या कराराचे डोळ्यांना दिसणारे रूप. आत शेटजी बसोत की हमाल, बाहेर ऊन असो की पाऊस, दर एकच. तो वाढला तर तेही जाहीर होऊनच. पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे १ फेब्रुवारी २०२५ पासून २८ चे ३१ रुपये झाले, ते सर्वांना आधी कळले होते.

करार चांगला, पण पाळला जात होता का? पुष्कळदा नाही. परवाने मर्यादित असल्याने परवाना हीच एक मिळकत होऊन बसली. गाडी मालकाची, चालविणारा दुसराच, आणि रोज संध्याकाळी ठराविक रक्कम मालकाच्या हातावर ठेवणे त्याला भाग. मग जवळचे भाडे त्याला परवडेना आणि तो मान हलवून पुढे जाऊ लागला. शिवाय आणखी एक अडचण होती, तिला कोणाचाच इलाज नव्हता. ताडदेवला टॅक्सी रिकामी उभी आहे आणि परळला उतारू ताटकळत आहे, हे त्या दोघांनाही कळण्याचा मार्ग नव्हता.

नव्या कंपन्यांनी नेमकी ही गाठ सोडविली. ओला कंपनी २०१० साली निघाली. उबर २०१३ साली भारतात आली. गाडी कोठे आहे व उतारू कोठे आहे, हे उपग्रहाच्या साह्याने मोबाइलला समजते. कंपनीचा संगणक जवळची गाडी हुडकून देतो, भाडे निघण्यापूर्वीच सांगतो, चालकाचे नाव व गाडीचा क्रमांक कळवितो. रात्री-अपरात्री एकट्याने प्रवास करणाऱ्यांना ही सोय केवढी मोठी वाटली, हे सांगावयास नको. प्रारंभी भाडेही स्वस्त होते, कारण गुंतवणूकदारांचे भांडवल त्यात ओतले जात होते. चालकांना बक्षिसे मिळत, म्हणून अनेकांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या. या गाड्या बहुधा पर्यटक परवान्यावर धावत; त्यामुळे ना मीटरचे बंधन, ना सरकारी दराचे.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत सुमारे ६३ हजार काळ्या-पिवळ्या टॅक्सी होत्या. २०२३ साली त्या सुमारे ४० हजारांवर आल्या. हा सारा दोष ॲपच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. गाडीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. त्याच नियमाने ३० ऑक्टोबर २०२३ रोजी प्रीमियर पद्मिनी रस्त्यावरून गेली. खाजगी गाड्या वाढल्या, मेट्रो आली. पण दर बांधलेल्या गाडीशी दर मोकळा असलेली गाडी स्पर्धा करू लागली, तेव्हा पहिलीचे हात बांधलेलेच राहिले, हे नाकबूल करता येत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. मीटर गाडीच्या पुढच्या भागातून उठून कंपनीच्या संगणकात गेले. मागणी वाढली की भाडे चढते, ओसरली की उतरते. पाऊस कोसळू लागला, लोकल बंद पडल्या, म्हणजे गरज जेव्हा सर्वांत जास्त तेव्हाच दरही सर्वांत जास्त. तो किती चढावा आणि त्यातला वाटा चालकाला किती मिळावा, याचा हिशेब ना उतारूला दिसतो ना चालकाला. पुढे बक्षिसे आटली, कर्जाचे हप्ते मात्र राहिले. जुलै २०२५ मध्ये मुंबईत ॲपवरच्याच चालकांनी संप केला. त्यांच्या मागण्या काय होत्या? काळ्या-पिवळ्या टॅक्सीइतका दर आणि परवान्यांच्या संख्येला मर्यादा. ज्या कराराच्या बाहेर राहून हा धंदा वाढला, त्याच कराराची दोन कलमे त्यांनी मागितली! तेव्हा भांडण जुन्या आणि नव्या चालकाचे नव्हेच, हे उघड झाले.

सरकारलाही हे उमगले आहे. केंद्राने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत चढ्या भाड्याला मूळ दराच्या दीडपटीची मर्यादा घातली. जुलै २०२५ च्या सूचनांत ती दुपटीवर नेली. स्वतःची गाडी असलेल्या चालकाला भाड्यातले किमान ८० टक्के मिळावेत, असेही त्यांत आहे. सूचना कागदावर आहेत. त्यांचा अंमल होतो की नाही, हे पाहण्याचे काम मात्र तुमचे-आमचेही आहे.

व्हिक्टोरिया गेली, टॅक्सी आली. उद्या आणखी काही येईल. वाहन बदलले म्हणून रडण्याचे कारण नाही. गाडी मोबाइलवरून येवो की हात करून थांबो, तिचा दर कोणी ठरविला आणि कोणत्या नियमाने, हे उतारूला व चालकाला विचारता आले पाहिजे. जुन्या मीटरने एवढे तरी दिले होते. ते गमावून मिळालेली सोय आपणांस महागात पडेल, असे आमचे स्पष्ट मत आहे.