डिस्कचा सातबारा

मागच्या सेमिस्टरला सबमिशनच्या आदल्या रात्री रूममेटची एक्स्टर्नल हार्डडिस्क मी माझ्या विंडोजच्या लॅपटॉपला लावली. फायनल इयर प्रोजेक्टचं सगळं त्यातच होतं. स्क्रीनवर मेसेज आला, वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करा. बोट एंटरवर गेलंच होतं, तेवढ्यात मागून आवाज आला, "अबे थांब बे! ती लॅबमधल्या उबुंटूवर फॉरमॅट केलेली आहे." डिस्क धडधाकट होती, फक्त विंडोजला तिची लिपी वाचता येत नव्हती.

मित्रांनो, ही लिपी म्हणजे फाइल सिस्टीम. आपल्या गोंदियाकडच्या भाषेत डिस्कचा सातबारा. कोणती बांधी कोणाच्या नावावर, म्हणजे कोणती फाइल डिस्कवर नेमकी कुठे, याची नोंद. लिनक्सची नेहमीची नोंदवही एक्स्ट-फोर. ती विंडोजला आपणहून वाचता येत नाही. फॅट-३२ दोघांनाही वाचता येते, पण तिथे फाइलचा आकार लिहायला ३२ बिटचीच जागा असते. म्हणून डिस्कवर २०० जीबी रिकामे असले तरी ४ जीबीची फाइल मावत नाही.

एनटीएफएस विंडोजची. तिच्यावर लिनक्समधून लिहिणं २००७ पासून एनटीएफएस-थ्रीजीमुळे भरवशाचं झालं, आणि २०२१ मध्ये कर्नल ५.१५ मध्ये नवा ड्रायव्हर आला. तरी कधी कधी लिनक्स तिला नुसती वाचू देतो, लिहू देत नाही किंवा उघडतच नाही. बहुतेक वेळा डिस्क विंडोजमधून नीट काढलेली नसते. तशी ती परत विंडोजला लावून चेकडिस्क चालवावं.

नुसत्या देवाणघेवाणीसाठी मी एक्सफॅट वापरतो. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये तिचा तपशील खुला केला आणि त्याच वर्षी ती कर्नल ५.४ मध्ये आली. पण लिनक्सच्या परमिशन आणि सिमलिंक तिच्यावर टिकत नाहीत, म्हणून कोडचं फोल्डर आधी टार करून घ्यावं.

आणि इजेक्ट! कॉपीची पट्टी भरली तरी काही डेटा रॅममध्येच असू शकतो. व्यवहार झाला, पण फेरफार व्हायचा आहे. तेवढ्यात केबल ओढली की वाद आलाच. एक्सफॅटला जर्नल नसल्यामुळे तिथे जास्तच जपावं लागतं.

त्या रात्री उबुंटूवरून सगळं एक्सफॅटच्या पेन ड्राइव्हवर घेतलं आणि पहाटे रिपोर्ट तयार झाला. हार्डडिस्कवर आता मार्करने 'लिनक्स' लिहिलं आहे. रूममेटने त्याखाली 'फॉरमॅट करू नये' असंही लिहिलंय. ते माझ्यासाठीच आहे.