देवी डॉक्टरांची पायरी

खडेबाजारातून टिळकवाडीकडे जाल तेव्हा व्हॅक्सिन डेपोचे झाडीने भरलेले आवार अवश्य पाहा. तेथे एके काळी वासरांच्या कातडीवर देवीची लस तयार होत असे. ती घेऊन खेडोपाडी हिंडणाऱ्या माणसांना लोक 'देवी डॉक्टर' म्हणत. वस्तुतः बहुतेक जण डॉक्टर नव्हते. आरोग्यखात्यातील ते अगदी खालच्या पायरीवरचे नोकर होते. परंतु अशाच माणसांच्या पायपिटीमुळे १९७५ नंतर भारतात देवीचा रोग उरला नाही, आणि १९८० साली तो जगातून गेल्याचे जाहीर झाले.

शालान्त परीक्षा जवळ आली की आपल्याकडे एकच प्रश्न ऐकू येतो : "डॉक्टर होणार का?" तितके गुण वा तितका पैसा नसेल, तर आरोग्यसेवेचा विचारच सोडून दिला जातो. हा समज चुकीचा आहे. डॉक्टर आलेल्या रोग्याला बरे करतो. सार्वजनिक आरोग्याचे काम रोग येऊच नये म्हणून चालते, आणि त्याला नाना तऱ्हेची माणसे लागतात.

पहिली पायरी आशा कार्यकर्तीची. ही योजना २००५ साली सुरू झाली. साधारण हजार वस्तीमागे, त्याच गावची एक स्त्री गरोदर माता व बालके यांची विचारपूस करते. तिला वेतन नव्हे, मानधन मिळते, हेही ध्यानी असावे. तिच्या वर उपकेंद्रातील परिचारिका. सपाट प्रदेशात सुमारे पाच हजार वस्तीस एक उपकेंद्र असते. बारावीनंतर दोन वर्षांचे प्रसूती-परिचर्येचे शिक्षण घेऊन या कामास लागता येते. पाणी, डास, सांडपाणी यांवर नजर ठेवणाऱ्या आरोग्य निरीक्षकासाठी पदविका आहे. बारावीनंतर चार वर्षांची परिचर्येची पदवी घेणाऱ्यास समुदाय आरोग्य अधिकारी होता येते. हे पद २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेनंतर सर्वत्र आले. त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी, मग तालुका व जिल्हा आरोग्याधिकारी. या जागांना मात्र वैद्यकीय पदवी हवीच. कलाशाखेच्या पदवीधरांनीही निराश होऊ नये. काही विद्यापीठांत सार्वजनिक आरोग्याच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणास कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो.

सीमाभागातील आपल्या मुलांस आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. माझी घरची भाषा कोकणी, शिकवितो मराठीतून, आणि कन्नड मी नोकरी लागल्यावर शिकलो. तेव्हा फार कष्ट पडले. आपण ते आताच शिकावे. कर्नाटक सरकारच्या नोकरीस कन्नड लागते, म्हणून तर खरेच. पण तापाने फणफणलेल्या मुलाच्या आईशी तिच्या भाषेत बोलता आले, तरच ती लस टोचून घेण्यास विश्वासाने पुढे येते.

मराठी सोडावयाची नाही. तिच्या शेजारी कन्नडला जागा द्यावयाची आहे. आणि पायरी पहिली मिळाली म्हणून खंत करू नये. देवी डॉक्टरही त्याच पायरीवर उभे होते.